पायरी आणि उंबरठा

गेल्या नाताळात माझी पुतणी अमेरिकेहून वसईला आली होती. बॉस्टनजवळच्या एका संशोधनसंस्थेत, मानवी पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीस आहे. ओसरीत बसून सुकेळी खाता खाता तिने मला एक छायाचित्र दाखवले. प्रयोगशाळेच्या काचेच्या दारावर लावलेले ते एक प्रमाणपत्र होते. या प्रयोगशाळेने वीज, पाणी आणि प्लास्टिक यांची उधळपट्टी कमी करण्यात अमुक एक पायरी गाठली आहे, असा त्याचा आशय. ते मिळवण्यासाठी ती दोन वर्षे सहकाऱ्यांच्या मागे लागली होती. तिच्या बोलण्यातला अभिमान रास्त होता.

मग तिने मनातली खरी गोष्ट काढली. तिच्याच राज्यात परवाना घेऊन गांजा पिकवणारी एक कंपनी आहे. बंद इमारतीत, विजेच्या दिव्यांखाली हे पीक घेतले जाते. त्या कंपनीलाही आता असेच हिरवे प्रमाणपत्र हवे आहे आणि ते मिळवून देण्याच्या कामावर त्यांनी माझ्या पुतणीला बोलावले आहे. पगार सध्याच्या दीडपट. ती म्हणाली, “काका, तिथे मी जी वीज वाचवीन ती इथल्यापेक्षा कितीतरी जास्त असेल. हिशेबाने पाहिले तर तिथे जाणेच बरे. पण मन धजत नाही. तुम्हीच सांगा, दारूच्या भट्टीचे सांडपाणी शुद्ध करून देणाऱ्या माणसाने पुण्य केले की पाप?”

आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मी तिला म्हटले, “विचार करून लिहीन.” पुढे लिहिले तेव्हा पत्र लांबत गेले. प्रश्न तिच्या एकटीचा नाही असे वाटले म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम ही प्रमाणपत्रे कशासाठी हवीत ते पाहू. प्रयोगशाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे परीक्षानळ्या आणि सूक्ष्मदर्शक येतात. तिची वीज कुठे जाते हे सहसा डोळ्यांपुढे येत नाही. विषारी वाफा ओढून घेणारे जे काचेचे कपाट असते ते खोलीतील गार वा उबदार केलेली हवा अहोरात्र छतावरून बाहेर फेकीत असते आणि तिच्या जागी नवी हवा पुन्हा गार वा उबदार करावी लागते. इव्हान मिल्स आणि डेल सार्टर या अमेरिकन संशोधकांनी २००५ साली असा हिशेब मांडला की असे एक कपाट अमेरिकेतील साडेतीन घरांइतकी ऊर्जा खाते. नमुने साठवण्याचे फ्रीझर शून्याखाली ८० अंशांवर चालतात. ते शून्याखाली ७० अंशांवर ठेवले तर सुमारे ३० टक्के वीज वाचते आणि बहुतेक नमुन्यांना काही होत नाही. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली जीवशास्त्र आणि वैद्यक यांच्या संशोधनातून जगभरात वर्षाला सुमारे ५५ लाख टन प्लास्टिक कचरा निघत असल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. रोग बरे करण्यासाठी झटणारी जागा स्वतः इतकी उधळी असावी, ही गोष्ट तिथे काम करणाऱ्यांनाच प्रथम खटकली.

त्यातून चळवळ उभी राहिली. कॅलिफोर्नियात २०१३ साली ‘माय ग्रीन लॅब’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. ती प्रयोगशाळांना कांस्य, रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम आणि हरित अशा पाच पायऱ्यांची प्रमाणपत्रे देते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ‘लीफ’ नावाची अशीच योजना आखली. तिच्या पायऱ्या तीन. पद्धत साधारण सारखीच. आरंभी प्रयोगशाळेतील माणसांना त्यांच्या सवयींविषयी प्रश्न विचारायचे, मग सुधारणा सुचवायच्या आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच प्रश्न विचारून फरक पाहायचा. कपाटाची काच खाली ओढली का? रात्री यंत्रे बंद केली का? फ्रीझरवरचा बर्फ खरवडला का? अशा साध्या साध्या गोष्टी. कोणालाही यात आक्षेप घेण्यासारखे काही दिसणार नाही.

आता दुसरी बाजू. ज्या इव्हान मिल्स यांनी प्रयोगशाळेतील कपाटाची मोजणी केली, त्यांनीच २०१२ साली बंद जागेत पिकणाऱ्या गांजाचा हिशेब मांडला, हा मोठा विलक्षण योग आहे. त्यांच्या अंदाजानुसार अमेरिकेतील एकूण विजेपैकी सुमारे १ टक्का वीज या पिकाकडे जात होती आणि तिची किंमत वर्षाला ६ अब्ज डॉलर होती. या खोल्यांमध्ये शस्त्रक्रियागृहाच्या तोडीचा प्रखर उजेड असतो. तासाला ३० वेळा हवा बदलली जाते. प्रगत प्रयोगशाळेच्या हे सहापट. दमटपणा काढणारी यंत्रे वेगळी. रोप लवकर वाढावे म्हणून टाक्यांतून कार्बन डायऑक्साइड सोडला जातो तो वेगळाच. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२१ साली ‘नेचर सस्टेनॅबिलिटी’ या नियतकालिकात दाखवले की एक किलो वाळलेल्या फुलामागे, जागेनुसार, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार वातावरणावर पडतो.

वाचक विचारतील, जे झाड आपल्याकडे डोंगरउतारावर आणि बांधावर आपोआप उगवते त्याला एवढा थाट कशासाठी? चोरून पिकवण्याच्या काळात ते लपवण्यासाठी घरात गेले, ही एक गोष्ट. सबंध वर्षभर एकसारखा, मनाजोगता माल हाती यावा, ही दुसरी. पण मोठे कारण कायद्यातले आहे. कोलोरॅडोत आणि कॅलिफोर्नियात अनुक्रमे २०१२ आणि २०१६ साली मतदारांनी गांजाला मोकळीक दिली. मॅसॅच्युसेट्समध्येही २०१६ सालीच दिली. परंतु अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तो निषिद्धच राहिल्यामुळे एका राज्यातला माल दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या उन्हात जे जवळजवळ फुकट पिकू शकते ते बर्फात गाडल्या जाणाऱ्या राज्यांना दिव्यांखाली पिकवावे लागते. मॅसॅच्युसेट्सने निदान या दिव्यांना लगाम घातला. मोठ्या उत्पादकांना दर चौरस फुटामागे ३६ वॉटहून अधिक दिवे लावू नयेत असा नियम केला. तरीही दिवा तो दिवाच.

या पिकालाही आता प्रमाणपत्रे आहेत. केंद्राचे ‘ऑरगॅनिक’ हे बिरुद गांजाला लावता येत नाही. म्हणून कॅलिफोर्नियाने २०२१ साली ‘ओकॅल’ नावाची त्याच तोडीची स्वतःची योजना सुरू केली. २०१९ साली ‘सन अँड अर्थ’ या नावाचे आणखी एक प्रमाणपत्र निघाले. त्याची अट सुटसुटीत आहे: पीक उन्हातच वाढले पाहिजे, जमिनीतच रुजले पाहिजे, रासायनिक खते-औषधे नकोत आणि मजुराला न्याय मिळाला पाहिजे. दिव्याखाली पिकवणाऱ्याने कितीही काटकसर केली तरी हे प्रमाणपत्र त्याला मिळणे नाही.

पुतणीने सांगितलेली हकीकत ऐकून माझी पहिली प्रतिक्रिया चिडीची होती. कर्करोगावर औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळेच्या दारावर जे चिन्ह, त्याच जातीचे चिन्ह नशेच्या पुडीवर! हा सद्‌गुणाचा अपमान नव्हे काय? विचार करता माझ्या लक्षात आले की ही चीड फारशी खोल नाही. वाण्याचा तराजू साखर तोलतो तसाच तंबाखूही तोलतो. वजनमापे तपासणारा निरीक्षक वजनावर छाप मारतो तेव्हा दुकानात काय विकले जाते हे त्याने पाहायचे नसते; वजन खरे आहे की खोटे एवढेच पाहायचे असते. तंबाखू वाईट म्हणून तंबाखूचे वजन खोटे असावे असे कोणी म्हणणार नाही. तसेच, गांजा पिकवणारा जर कमी कोळसा जाळत असेल तर पृथ्वीपुरते ते बरेच आहे. धुराला आपण कोणत्या कारणासाठी निर्माण झालो हे ठाऊक नसते.

शिवाय वाईट उद्देश आणि चांगला उद्देश अशी वाटणी आपण समजतो तितकी सरळ नाही. याच झाडापासून काढलेल्या एका द्रव्याचे औषध, मुलांमधील अपस्माराच्या दोन दुर्मीळ आणि भीषण प्रकारांसाठी, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये मंजूर केले. इंग्लंडमध्ये नॉर्फोक परगण्यातील विसिंग्टन येथे साखर कारखान्याशेजारच्या ज्या प्रचंड काचगृहात पूर्वी टोमॅटो पिकत, तेथे या औषधासाठी हे झाड लावले जाऊ लागले. कारखान्याची वाया जाणारी ऊब त्याला पुरवली गेली. उलटपक्षी, प्रयोगशाळेच्या दारामागे चालणारे प्रत्येक काम रोग्याच्या भल्याचे असते असेही नाही. एखाद्या चेहऱ्याच्या मलमाचा विसावा प्रकार शोधणारी प्रयोगशाळाही प्रयोगशाळाच. म्हणून पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर ‘संशोधन पवित्र आणि गांजा अपवित्र’ एवढ्या एका वाक्यात देता येईना.

मग अडचण नेमकी कुठे आहे? मला वाटते, ती तराजू आणि प्रमाणपत्र यांच्यातील फरकात आहे. तराजू केवळ सांगतो, प्रमाणपत्र वाखाणते. तराजूवर “दोन किलो” असे दिसते, “शाब्बास” असे दिसत नाही. सुवर्णपायरीच्या प्रमाणपत्रावर मात्र शाब्बासकीच असते, आणि शाब्बासकी ऐकणारा ती आपल्या सबंध कामाला लावून घेतो. “आमची प्रयोगशाळा हरित आहे,” “आमचा माल हरित आहे” असे तो म्हणू लागतो. जे विशेषण काच खाली ओढण्याच्या सवयीला दिले होते ते माणसाला चिकटते.

तत्त्वज्ञ कांट यांनी १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिमीमांसेच्या ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. तो अजाण गिऱ्हाइकालाही फसवत नाही. त्याचे वागणे कर्तव्याला धरून आहे यात शंका नाही. पण ते कर्तव्यापोटी आहे की धंदा टिकावा म्हणून आहे, हे बाहेरून कळत नाही. कोणतेही प्रमाणपत्र या दुकानदाराच्या हातांपर्यंतच पोहोचते, मनापर्यंत नाही. हा प्रमाणपत्राचा दोष नाही, त्याची मर्यादा आहे. मर्यादा विसरली गेली की ती दोष होते.

इथे मला दोन शब्द उपयोगी पडले: पायरी आणि उंबरठा. काही प्रमाणपत्रे पायरीसारखी असतात. तुम्ही कुठूनही आरंभ करा. कालच्यापेक्षा आज वर आलात की झाले. प्रयोगशाळांची बहुतेक प्रमाणपत्रे या जातीची आहेत. त्यांत मोठी करुणा आहे, कारण ती कोणालाही दारातून परत पाठवत नाहीत. काही प्रमाणपत्रे मात्र उंबरठ्यासारखी असतात. इथे आत यायचे तर एक गोष्ट बाहेर ठेवूनच यावे लागेल, असे ती सांगतात. ‘सन अँड अर्थ’चे उन्हाचे प्रमाणपत्र या दुसऱ्या जातीचे. पायरी विचारते, “तू हे काम किती काटकसरीने करतोस?” उंबरठा विचारतो, “हे काम अशा रीतीने करण्याची गरज आहे का?”

पायरीवर चढणाऱ्याला दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यातून तीन धोके उद्भवतात.

पहिला हिशेबाचा. पायरी दर किलोमागे किंवा दर खोलीमागे किती खर्च झाला ते पाहते. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ साली कोळशाविषयीच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते की वाफेची यंत्रे कोळसा जपून वापरू लागली तेव्हा देशाचा एकूण कोळसा कमी जळण्याऐवजी अधिक जळू लागला. कारण यंत्र स्वस्त पडू लागले तशी यंत्रे वाढली. नव्या दिव्यांनी एका रोपामागची वीज घटली आणि वाचलेल्या पैशातून आणखी दोन खोल्या बांधल्या, तर प्रमाणपत्र वर चढते आणि विजेचे बिलही वर चढते. पृथ्वीला दर किलोचा हिशेब कळत नाही. तिला बेरीज कळते.

दुसरा धोका पैशाचा. प्रमाणपत्र देणाऱ्याचे शुल्क प्रमाणपत्र घेणारा भरतो. यामुळे प्रत्येक परीक्षक लबाड होतो असे नाही. पण मोह दारात उभा राहतो. याचे उदाहरण याच पिकाच्या जगात घडले आहे. ज्या राज्यांत गांजाची विक्री कायदेशीर झाली तिथे प्रत्येक मालाची तपासणी परवानाधारक प्रयोगशाळेत करून घ्यावी लागते. मादक द्रव्याचा आकडा जितका मोठा तितका भाव चढा. म्हणून काही उत्पादक जी प्रयोगशाळा मोठा आकडा देईल तिच्याकडे जाऊ लागले. अखेर कॅलिफोर्नियाला २०२१ साली कायदा करून सर्व प्रयोगशाळांनी एकाच पद्धतीने मोजणी करावी असे ठरवावे लागले. तराजू स्वतःच गिऱ्हाइकाची मर्जी राखू लागला, तर मग तोलायचे कशावर?

तिसरा धोका सर्वांत सूक्ष्म आणि माझ्या मते सर्वांत मोठा: सदसद्‌विवेकाला मिळणारी सुट्टी. याचे उदाहरण दूर शोधायला नको. २००७ साली व्हॅटिकनला एक प्रमाणपत्र अर्पण करण्यात आले. हंगेरीत व्हॅटिकनच्या नावाने जंगल लावले जाईल आणि त्या वर्षी व्हॅटिकनमधून निघालेल्या कार्बनची ते झाडे भरपाई करतील, असे त्याचे स्वरूप होते. समारंभ झाला, बातम्या झाल्या. २०१० साली वार्ताहर तिथे गेले तेव्हा झाडे लावलीच गेली नव्हती असे उघडकीस आले. प्रमाणपत्र स्वीकारणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. तरीही तीन वर्षे कोणाला प्रश्न पडला नाही, कारण कागद हाती होता. ज्या संस्थेच्या इतिहासात पापक्षमेच्या कागदांचा बाजार एकदा भरला आणि ज्याची तिला फार मोठी किंमत मोजावी लागली, तिच्या लेकरांनी तरी कागद हाती आला की मन निर्धास्त होते हे ओळखून असायला हवे.

इतके सांगितल्यावर पायरीची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर माझे लिहिणे आळशी माणसाच्या सोयीचे होईल. “ही सगळी सोंगे आहेत” असे म्हणून काहीच न करणे फार सोपे असते. आपल्या देशात भारत सरकारने १९९१ साली ‘इकोमार्क’ नावाची योजना काढली. पर्यावरणाला कमी अपाय करणाऱ्या साबणावर, कागदावर, रंगावर लावण्यासाठी एक चिन्ह ठरले. चिन्ह होते मातीच्या मडक्याचे: मातीतून येते, आगीत भाजते, फुटले की पुन्हा मातीत मिळते. याहून सुंदर चिन्ह सुचणे कठीण. पण ते मागायला उद्योग फारसे पुढे आले नाहीत आणि आपण गिऱ्हाइकांनीही दुकानात कधी ते मडके शोधले नाही. अखेर २०२४ साली सरकारला ती योजना नव्या नियमांनी पुन्हा मांडावी लागली. उंबरठा कितीही सुरेख घडवला तरी तो ओलांडायला कोणी आलेच नाही तर घर रिकामेच राहते.

उलट माझ्या पुतणीच्या प्रयोगशाळेत पायरीने खरोखर काही घडवले. ज्या माणसांनी कधी फ्रीझरच्या काट्याकडे पाहिले नव्हते त्यांनी तो पाहिला. सद्‌भावना मोघम असते. तिला एखादा आकडा दिला की ती कामाला लागते. मनुष्य एका उडीत चांगला होत नाही हे शिक्षकाला कोणी सांगायला नको. नापास मुलाला पस्तीसवरून चाळीसवर आणताना मी त्याची पाठ थोपटली आहे. फक्त एक पथ्य पाळले: चाळीस गुणांना मी कधी पहिला वर्ग म्हटले नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की दोन्ही हवेत, पण क्रम चुकता कामा नये. आधी उंबरठा, मग पायरी. या कामाची गरज आहे का, असल्यास याच रीतीने करण्याची आहे का, हे आधी; मग ते किती काटकसरीने करायचे हे पाहावे. क्रम उलटला की ज्या गोष्टीची गरज नाही तीच आपण अत्यंत काटकसरीने, मोठ्या निष्ठेने आणि सुवर्णपदकासह करीत राहतो.

आता तिचा प्रश्न. दुसऱ्याच्या संशयास्पद कामात मदत करणाऱ्याचा दोष किती, यावर आपल्या नीतिपंडितांनी शतकानुशतके विचार केला आहे. मदतनीस मूळ हेतूतच सामील आहे की केवळ आसपासचे काम करतो; त्याच्यावाचून ते काम अडेल की नाही; त्याच्या असण्याने पाहणाऱ्याची दिशाभूल होते का, असे भेद त्यांनी केले. हे भेद जुने असले तरी भोथरे झालेले नाहीत. भट्टीचे सांडपाणी शुद्ध करणारा माणूस नदी वाचवतो. त्याने भट्टी काढली नाही. त्याला मी पापी म्हणणार नाही. पण त्याच स्वच्छ पाण्याचे चित्र बाटलीवर छापून अधिक बाटल्या खपवायच्या असतील, आणि ते चित्र काढण्याचे कामही त्याच्याचकडे असेल, तर मात्र तो नदीचा राखणदार राहिला नाही. भट्टीचा विक्रेता झाला.

यावरून मी तिला तीन प्रश्न लिहून पाठवले. पहिला: तू जी वीज वाचवशील तिचा एकूण आकडा, दर किलोचा नव्हे, दरवर्षी उघडपणे जाहीर करण्याची मुभा तुला मिळेल का? दुसरा: हे पीक काचगृहात, निदान अर्ध्या उन्हावर, घेता येईल असे तुला हिशेबाने दिसले तर ते सांगण्याचा आणि ऐकले जाण्याचा अधिकार तुझ्या हुद्द्यात आहे का? तिसरा: ज्या पुडीवर तू मिळवलेले हिरवे चिन्ह असेल ती विकत घेणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाला, कायदा त्याला मनाई करीत असताही कोणाच्या तरी हातून ती मिळालीच तर, ‘हे चांगले आहे’ असे त्या चिन्हावरून वाटेल का? आणि वाटले तर ते तुला चालेल का? या तिन्हींची उत्तरे मनासारखी आली तर निर्धास्त जा, कोणी काही म्हणो. एकही आले नाही तर दीडपट पगार हा पगार नव्हे, तुझ्या नावाची किंमत आहे असे समज.

शेवटी मी तिला असेही लिहिले की हेच प्रश्न तिने आपल्या सध्याच्या प्रयोगशाळेलाही विचारावेत. परक्याच्या दारात उंबरठा घालणे सोपे असते.

तिचे उत्तर दोन महिन्यांनी आले. कंपनीने पहिल्या प्रश्नाला “विचार करू” असे म्हटले, दुसऱ्यावर हसून विषय बदलला. तिसरा तिने त्यांना विचारलाच नाही. तो तिने स्वतःला विचारला. ती गेली नाही. पण पत्राचा मोठा भाग या नकाराविषयी नव्हताच. तिने आपल्या प्रयोगशाळेत फ्रीझरमधील नमुन्यांची यादी करायला घेतली होती. शून्याखाली ७० अंश की ८० अंश, यावर वर्षभर वाद घातला होता. आत काय आहे हे कोणी पाहिले नव्हते. संस्था सोडून गेलेल्या संशोधकांच्या कुप्या, नाव पुसले गेलेल्या कुप्या, ज्यांचा प्रयोग कधीच संपला अशा कुप्या, या सगळ्यांना वर्षानुवर्षे अहोरात्र थंडी पुरवली जात होती. सहकाऱ्यांना एकेका कुपीबद्दल “ही हवी का?” असे विचारत तीन आठवडे गेले. काहींना राग आला. एका वृद्ध संशोधकाने आपल्या जुन्या नमुन्यांना हात लावू दिला नाही आणि तिने ते मानले. अखेरीस एक अख्खा फ्रीझर रिकामा झाला. तिने तो पुसला आणि त्याची वायर काढली.

“काका,” तिने लिहिले आहे, “बंद फ्रीझरवर कोणी प्रमाणपत्र लावीत नाही. पण सकाळी आत आले की त्याची घरघर ऐकू येत नाही, आणि माझा दिवस चांगला जातो.”